उचल फिटते, मनावरची बाकी राहते

दिवाळी सरली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील रस्त्यांवर उसाच्या गाड्या दिसू लागतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा अशा कारखान्यांच्या परिसरात कोप्या उभ्या राहतात. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या दुष्काळी तालुक्यांतून आलेली कुटुंबे पट्टा पडेपर्यंत तिथेच संसार मांडतात. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा वाहू लागला आणि हा पट्टा बागायती झाला. पुढे ऊस वाढला, तसा तो तोडणारा कोयता दुष्काळी भागातून येत गेला.

या मजुरांच्या कष्टांविषयी अधूनमधून बोलले जाते. त्यांच्या शिकून मोठ्या झालेल्या मुलांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. काही मुले कोपीतच वाढली, तर काही आईवडील हंगामाला गेल्यावर गावाकडे आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहिली. ती आता पंचविशी-तिशीत आहेत. कुणी पोलिसांत आहे, कुणी शिक्षक आहे, कुणी एमआयडीसीतल्या कंपनीत आहे. कुणी अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करत आहे. गावात त्यांच्या अभिनंदनाचे फलक लागतात. पण ‘घरचे काय करतात?’ असे सहकाऱ्याने सहज विचारले, की ‘शेती’ एवढेच उत्तर देऊन विषय बदलणारेही यांच्यातच असतात.

उत्तर खोटे नसते, कारण गावाकडे दोन-चार एकर कोरडवाहू जमीन असतेच. पण जे सांगायचे टाळले जाते, त्याचे ओझे मनावर राहते आणि हळूहळू शरीरालाही जाणवू लागते.

चुकले आणि चुकीचा

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये लाज आणि अपराधभाव यांतील फरक मांडला. अपराधभावात ‘माझ्या हातून चुकले’ अशी भावना असते. चूक दुरुस्त करता येते, माफी मागता येते. लाजेत मात्र ‘मीच कमी आहे’ असे वाटते. तिथे दुरुस्त करण्याजोगे काही सापडत नाही, म्हणून माणूस स्वतःलाच लपवू लागतो.

ही लाज मूल जन्मताना घेऊन येत नाही. शाळेच्या पटावर नाव असूनही ऐन दिवाळीनंतर गैरहजर राहावे लागते. परत आल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो. फडाजवळच्या शाळेत ‘टोळीवाल्यांची पोरं’ म्हणून मागे बसवले जाते. मोठ्या बहिणीला तर शाळेपेक्षा धाकट्या भावंडाला सांभाळण्यातच हंगाम घालवावा लागतो. अशा छोट्या छोट्या प्रसंगांतून मुलाला आपली पायरी कळत जाते. भारत, पाकिस्तान, चीन, दक्षिण कोरिया, युगांडा, ब्रिटन आणि नॉर्वे या सात देशांत रॉबर्ट वॉकर आणि सहकाऱ्यांनी गरिबीचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. देश श्रीमंत असो वा गरीब, गरिबीसोबत लाज सगळीकडे आढळली. आणि ती केवळ आतून येत नव्हती. शेजारी, शाळा, सरकारी कार्यालये यांच्या वागण्यातूनही ती लादली जात होती.

शिक्षणाचीही उचल

ऊसतोडीचा व्यवहार उचलीवर चालतो. हंगामाआधी नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेते आणि हंगामभर ती अंगमेहनतीने फेडते. आजारपणाने काम बुडाले तर खाडा पडतो. हंगाम संपताना हिशेब जुळला नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते.

शिकलेल्या मुलाच्या मनातही कळत-नकळत असाच हिशेब चालू असतो. आईच्या हाताचे घट्टे, वडिलांची गेलेली कंबर, आपल्या फीसाठी घेतलेली जादा उचल, हे सारे त्याने पाहिलेले असते. ‘आम्ही राबलो ते तुझ्यासाठी’ हे वाक्य आईवडील मायेने बोलतात, पण मुलाला त्यात बाकी ऐकू येते. मग परीक्षेतले अपयश हे केवळ अपयश राहत नाही, ते आईबापाच्या कष्टांशी केलेली बेइमानी वाटते. नोकरी लागली तरी घर बांधायचे, बहिणीचे लग्न, धाकट्याचे शिक्षण असा हिशेब पुढे सरकत राहतो. सुटीच्या दिवशी नुसते बसले तरी अपराधी वाटते.

महत्त्वाकांक्षा वाईट नाही. तिच्याच बळावर ही मुले फडातून बाहेर पडली. प्रश्न आहे तो लाज लपवण्यासाठी आणि न संपणारी बाकी फेडण्यासाठी धावण्याचा.

बाहेर यश, आत झीज

अमेरिकेतील साथरोगतज्ज्ञ शर्मन जेम्स यांना नॉर्थ कॅरोलायनात जॉन हेन्री मार्टिन नावाचे वृद्ध कृष्णवर्णीय शेतकरी भेटले. अतिशय गरीब बटाईदाराच्या घरी जन्मलेल्या मार्टिन यांचे शिक्षण दुसरीपर्यंतच झाले होते. तरी कर्जाच्या विळख्यातून सुटून चाळिशीपर्यंत त्यांनी ७५ एकर जमीन मिळवली. पन्नाशीत मात्र त्यांना उच्च रक्तदाब, सांधेदुखी आणि पोटातील तीव्र व्रण यांनी गाठले होते. साधने तुटपुंजी असताना वर्षानुवर्षे जिद्दीने झुंजत राहण्याच्या या वृत्तीला जेम्स यांनी ‘जॉन हेन्रीझम’ असे नाव दिले. गरिबीत अशी झुंज देणाऱ्यांमध्ये रक्तदाब वाढतो का, याचा शोध त्यांनी पुढे घेतला.

जीन ब्रोडी आणि सहकाऱ्यांनी जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण भागातील कृष्णवर्णीय मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. २०१३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. गरिबीत वाढूनही शिक्षकांच्या मते हुशार, संयमी आणि मेहनती असलेल्या मुलांमध्ये एकोणिसाव्या वर्षी नैराश्य कमी होते. पण रक्तदाब, वजन आणि ताणाची संप्रेरके मोजली, तेव्हा त्यांच्या शरीरावरचा भार जास्त निघाला. वरून सारे ठीक आणि आतून झीज, असे हे चित्र होते. तिथला वर्णभेद आणि इथली जात-वर्गाची उतरंड एकसारखी नाही. तरी हलाखीतून वर येण्याची किंमत शरीर मोजते, हा इशारा इथेही ध्यानात घ्यावा असाच आहे.

यामागचे एक कारण कॉर्टिसॉल या संप्रेरकाशी जोडले जाते. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये प्रयोगशाळेतील २०८ अभ्यास एकत्र तपासले. इतर लोक आपल्याला जोखत आहेत आणि परिस्थिती आपल्या हातात नाही, असे दोन्ही एकदम असते, तेव्हा कॉर्टिसॉल सर्वाधिक वाढते, असे त्यांना दिसले. प्रसंगापुरते हे वाढणे उपयोगी असते. पण ‘आपले कळले तर?’ ही धास्ती रोजचीच झाली, तर शरीराला उसंत मिळत नाही. झोप उडणे, पित्त, डोकेदुखी, धडधड, चिडचिड अशा तक्रारी सुरू होतात. माणूस त्यावर गोळ्या घेत राहतो. मनाचे दुखणे सांगायचीही लाजच वाटते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशातील सुमारे दहा टक्के प्रौढांना मानसिक विकार होता आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते.

सांगण्याचा उतारा

आणखी मोठे पद मिळाले की कमीपणा आपोआप जाईल, असे अनेकांना वाटते. तसे होतेच असे नाही. लाज लपवण्यावर पोसते, त्यामुळे विश्वासाच्या माणसापाशी बोलणे हाच तिच्यावरचा पहिला उतारा ठरतो.

निकोल स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एका अमेरिकी विद्यापीठातील प्रयोग प्रसिद्ध केला. नव्या विद्यार्थ्यांसमोर वरच्या वर्गातील मुले तासभर बोलली. एका गटात त्यांनी आपण कोणत्या घरातून आलो, त्यामुळे काय अडचणी आल्या आणि कोणती ताकद मिळाली, हेही मोकळेपणाने सांगितले. दुसऱ्या गटात घराचा उल्लेख न करता फक्त सल्ले दिले. वर्षअखेरीस पहिल्या गटातील, घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलांचे गुण दुसऱ्या गटातील तशाच मुलांपेक्षा चांगले होते. प्राध्यापकांची मदत मागायलाही ती कमी कचरत होती.

मराठीला हे अनोळखी नाही. इंदापूरला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातील किशोर शांताबाई काळे डॉक्टर झाले. ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ मधील आत्मकथनात त्यांनी जे लपवावे असे समाज सांगत होता, तेच लिहिले आणि वडिलांच्या जागी आईचे नाव लावले. प्रत्येकाने जाहीरपणे लिहावे असे नाही. एका मित्राशी, जोडीदाराशी किंवा समुपदेशकाशी बोलण्यानेही सुरुवात होते.

आईवडिलांशी बोलणे सर्वांत अवघड, पण फार मोलाचे. आपण बाकी मानतो ते त्यांना तसे वाटतच नसेल, हे विचारल्याशिवाय कळत नाही. त्यांनीही ‘किती मार्क पडले?’ याआधी ‘झोप लागते का, जेवतोस का?’ असे विचारले, तर मुलाला धीर येतो.

मात्र सगळा भार कुटुंबांवर टाकून चालणार नाही. ज्या व्यवस्थेत आगाऊ रकमेवर माणसे बांधली जातात आणि मुलांची शाळा हंगामागणिक तुटते, त्या व्यवस्थेची लाज मुलांनी का वाहायची? राज्य सरकारने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर केली. अशी वसतिगृहे आणि कारखान्यांजवळच्या शाळा नीट चालल्या, तर पुढच्या पिढीचे ओझे मुळातच हलके होईल. बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांना आणि अभ्यासिकांना तर फारसा खर्चही नाही. फडातून आलेल्या माजी विद्यार्थ्यांना वर्षारंभी बोलायला बोलवावे. त्यांनी यशाबरोबर वाटेतल्या अडचणीही सांगाव्यात.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा कामातील लक्ष बिघडलेले असेल, सतत निराश वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी व्यवस्थेत असे उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला आहे. जीव नकोसा वाटत असेल, तर क्षणभरही थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. तिथे मराठीतून बोलता येते.