पिनकोड कापताना सह्याद्री मधे येतो

आरोग्य सर्वेक्षणाच्या डेटात पत्ता असला की पिनकोड असतोच, आणि तो दिसला की कुणीतरी हमखास सुचवतं, "पहिले तीन आकडे ठेव, बाकीचे उडव." यामागे कारणं दोन. देशात सुमारे १९ हजार पिनकोड आहेत. दोन-तीन हजार लोकांच्या सर्वेक्षणात एकेका पिनच्या वाट्याला एखाद-दुसरा माणूस येतो, त्यातून कसली टक्केवारी काढणार? दुसरं कारण गोपनीयतेचं. पिनकोड, वय आणि लिंग एका ओळीत आलं की लहान गावात तो माणूस कोण हे सांगायला गावकऱ्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

प्रत्यक्ष कापणं अगदी सोपं आहे. 'आर'मध्ये मजकुराचा तुकडा काढणारं 'सबस्ट्र' हे फंक्शन आहे. त्याला कॉलम द्यायचा, पहिल्या अक्षरापासून तिसऱ्यापर्यंत असं सांगायचं, झालं. कॉलम आकड्यांचा असेल तर १००० ने पूर्णांक भागाकार करा: ४११०३० चे ४११ होतात. स्टाटा, एसपीएसएस वापरणाऱ्यांनाही हा भागाकार चालतो.

पण आधी साफसफाई हवी. लोक पिनकोड काय काय प्रकारे लिहितात! '४११ ०३०' अशी मधे जागा सोडतात. मराठी फॉर्म असेल तर देवनागरी आकडे येतात. आणि आपल्याकडची खास सवय म्हणजे नुसतं 'पुणे ३०'. सदाशिव पेठेत पत्र बरोबर पोचतं हो, पण सॉफ्टवेअरला ते कळत नाही. 'सबस्ट्र' त्या ३० ला ३० च ठेवतं आणि भागाकार त्याचं शून्य करतो. दोन्हीकडे एररचा मेसेज येत नाही, हे जास्त वाईट. म्हणून मी कॉलम मजकूर म्हणूनच वाचते, मोकळ्या जागा काढते, देवनागरी आकडे इंग्रजीत बदलते आणि मग तपासते: बरोबर सहा आकडे आहेत का, पहिला आकडा शून्य तर नाही ना? जे बसत नाही ते वेगळं काढून हाताने बघायचं. हे सगळं कापण्याच्या आधी, कारण कापल्यावर चूक दिसतच नाही.

इथपर्यंत सॉफ्टवेअरचा भाग झाला. खरा प्रश्न हा की त्या तीन आकड्यांचा अर्थ काय?

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याचे कर्ते श्रीराम भिकाजी वेलणकर, केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे कवीही. एकाच नावाची अनेक गावं आणि पत्त्यांसाठी वेगवेगळ्या लिप्या, यातून पत्रांची वर्गवारी सोपी व्हावी हा हेतू. पहिला आकडा विभागाचा (४ मध्ये महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड), दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष टपाल कार्यालयाचे. घोटाळा त्या 'जिल्हा' शब्दात आहे. तो टपालाचा जिल्हा आहे, कलेक्टरचा नाही. कुठली थैली कुठे फोडायची या सोयीने तो आखलेला आहे.

उदाहरणं बघा. साताऱ्याचा पिन ४१५००१, कराडचा ४१५११०. इस्लामपूर सांगली जिल्ह्यात, पण पिन ४१५४०९. आणि घाट उतरून कोकणात गेलात तरी चिपळूण ४१५६०५ च! उलट महाबळेश्वर सातारा जिल्ह्यात असून ४१२८०६, म्हणजे भोर-सासवडच्या गटात. रत्नागिरी जिल्ह्यातलं राजापूर ४१६७०२. त्या ४१६ मध्ये कोल्हापूर, सांगली शहर आणि सिंधुदुर्गातलं मालवण, सावंतवाडी सगळे एकत्र. बारामती पुणे जिल्ह्यात, पण ४१३ मुळे जाऊन बसते सोलापूर-लातूरबरोबर.

आता ४१५ हा 'एक प्रदेश' धरून पावसाचा आणि आजाराचा संबंध शोधायचा म्हटलं तर? चिपळूणला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दहिवडीचा माण तालुका दुष्काळी, जेमतेम ५०० च्या आसपास. या दोघांच्या सरासरीइतका पाऊस पडणारा माणूस त्या डेटात कदाचित एकही नसेल.

लेप्टोचं एक काल्पनिक गणित करू. कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्गात प्रत्येकी १००० लोक तपासले. पहिल्या दोन ठिकाणी १०-१० जण बाधित, सिंधुदुर्गात ७०. जिल्हावार बघितलं तर भातशेतीच्या चिखलात काम करणाऱ्या कोकणाकडे लगेच लक्ष जाईल. ४१६ म्हणून एकत्र केलं की हजारी ३०. कोल्हापूरला उगाच भीती आणि सिंधुदुर्गाला खोटा दिलासा.

तीन आकड्यांचा हा आग्रह बराचसा अमेरिकेतून आला आहे. लताना स्वीनी यांनी २००० साली दाखवलं की पाच आकडी झिप कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून तिथली सुमारे ८७ टक्के लोकसंख्या एकमेव ठरू शकते. तिथल्या आरोग्य माहितीच्या नियमात झिपचे पहिले तीन आकडे ठेवायची मुभा आहे, तीही त्या तीन आकड्यांच्या भागात २० हजारांहून जास्त लोक असतील तरच. नाहीतर तिथे तीन शून्यं लिहायची. आपल्याकडे ४१५ किंवा ४१६ मध्ये लाखो लोक राहतात. गोपनीयता भरपूर मिळते, पण किंमत मोजतो आपण विश्लेषणात.

त्यामुळे मला जिल्हा हा कॉलम जास्त पटतो. टपाल खात्याची पिनकोड यादी सरकारच्या खुल्या डेटा पोर्टलवर मिळते, त्यात जिल्हा दिलेला असतो. सहा आकडी पिनवरून आपला डेटा तिला जोडायचा, जिल्हा आणायचा आणि मगच पिन काढून टाकायचा. यादीत एकाच पिनखाली बरीच कार्यालयं असतात. तशीच जोडली तर एका माणसाच्या दहा ओळी होतात, म्हणून आधी पिनमागे एक ओळ करून घ्या. काही पिन दोन जिल्ह्यांत पसरलेले असतात. तिथे गावाचं नाव बघूनच ठरवावं लागतं.

त्यानंतर जिल्हा, वयोगट आणि लिंग यांचा तक्ता काढा. एखाद्या चौकटीत पाचाहून कमी माणसं उरली तर वयोगट मोठे करा, जिल्हा शक्यतो मोडू नका. आणि फाइल कुणाला पाठवण्याआधी बाकीचे कॉलम एकदा डोळ्याखालून घाला. पिन काढलाय, पण शेजारी 'मुक्काम पोस्ट' तसाच आहे, असं फार वेळा दिसतं.