सून आली, ताई झाली

नव्याने आलेल्या सुनेला आपल्याकडे ‘वहिनी’ म्हणण्याची रीत आहे. चिपळूणच्या साठ्यांची लेक १९६५ साली महाजनांच्या घरी इंदुरास आली, तिला मात्र या शहराने ‘ताई’ केले. आणि मौज अशी की, हा शब्द आपल्या वाड्यांतून उठून राजवाड्याच्या चौकात, सराफ्यात, कापडबाजारात हिंदी बोलणाऱ्यांच्याही तोंडी बसला. मराठी मतांच्या बळावर इंदूर जिंकावे इतके आपण येथे कधीच नव्हतो. सुमित्राताईंच्या यशाचे मर्म त्या एका शब्दात शोधावे लागते.

आरंभ काही थाटाचा नव्हता. १९८२ साली त्या महानगरपालिकेत निवडून आल्या, पुढे उपमहापौर झाल्या. १९८५ च्या विधानसभा निवडणुकीत मात्र महेश जोशी यांच्याकडून हार पत्करावी लागली. चारच वर्षांनी, १९८९ मध्ये, समोर उभे होते प्रकाशचंद्र सेठी: माजी मुख्यमंत्री, माजी केंद्रीय गृहमंत्री. त्यांना ताईंनी लाखावर मतांनी हरविले! आणि १९९९ साली त्याच महेश जोशींना लोकसभेच्या मैदानात हरवून जुना हिशेबही चुकता केला.

१९८९ ते २०१४ अशा सलग आठ निवडणुका त्यांनी एकाच शहरातून, एकाच पक्षातर्फे जिंकल्या. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात त्या राज्यमंत्री होत्या. पण आम्हांस सर्वांत बोलका आकडा वाटतो तो २००९ चा. त्या वेळी मताधिक्य अवघे ११,४८० उरले होते. घरच्या माणसावरही शहर रुसू शकते, हे तेव्हा दिसले. पाच वर्षांनी तेच मताधिक्य साडेचार लाखांच्या पुढे गेले आणि ताई लोकसभेच्या अध्यक्षपदी बसल्या. मीरा कुमार यांच्यानंतर त्या पदावरील त्या दुसऱ्याच स्त्री. त्या आसनावरून ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी काँग्रेसचे २५ सदस्य पाच दिवसांसाठी निलंबित केले, तेव्हा विरोधकांनी मोठा गहजब केला. ताईपणाची ही करडी बाजू इंदुरास फारशी ठाऊक नव्हती.

२०१९ साली पक्ष इंदूरची उमेदवारी जाहीर करीना. पंचाहत्तरी उलटलेल्यांस उमेदवारी नाही, असे धोरण होते. शहात्तरावा वाढदिवस आठवड्यावर आला असता, ५ एप्रिलला, ताईंनी स्वतःच पत्र लिहून आपण उभ्या राहणार नसल्याचे कळविले. पक्षाचा संकोच आपण दूर करीत आहोत, असा त्याचा आशय. वडीलधाऱ्या बाईने पंक्तीतून न बोलता उठावे, तशातला हा प्रकार. अशा उठण्यातली नाराजी घरातल्यांनाच कळते.

त्यानंतर उमेदवारी शंकर लालवानी यांना मिळाली आणि ते पाच लाखांहून अधिक मतांनी निवडून आले.