टाइमकीपरच्या खुर्चीवरून

माझ्या टेबलावर तीनच वस्तू असतात. स्टॉपवॉच, पितळी घंटा आणि लाकडी दांड्याची हातोडी. कॉलेजात असताना मीही बॉक्सिंग केलं. फार काही जमलं नाही. आता पुण्यात जिल्हा पातळीच्या स्पर्धा असल्या की वेळ मोजायला बसतो. सब-ज्युनिअर म्हणजे तेरा-चौदा वर्षांची मुलं. त्यांची फेरी दीड मिनिटाची, अशा तीन फेऱ्या, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. दहा सेकंद उरले की टेबलावर टकटक करायची, वेळ झाली की घंटा. टेबल रिंगला खेटून असतं आणि माझ्या पाठीशी, कठड्याला पोट लावून, पालक उभे असतात. लढत मी बघतो आणि पालकांना ऐकतो.

"मार ना! हात चालव! नुसता खातोयस काय?"

खाणं म्हणजे ठोसे खाणं. दुसरं खाणं बऱ्याचदा त्या मुलाच्या पोटात आदल्या दुपारपासून गेलेलंच नसतं. परवाच्या स्पर्धेत सकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये एक मुलगा स्वेटरवर रेनकोट चढवून धावत होता. थंडीचे दिवस, आणि घाम हनुवटीवरून टपकतोय. वडील स्कूटरला टेकून मोबाइलवर वेळ बघत होते. 37 किलोच्या गटासाठी मुलगा 300 ग्रॅम जास्त भरला होता. धावून झाल्यावर त्यांनी रिकामी बाटली त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "थुंकत राहा." पाऊण तासाने तो काट्यावर बरोबर बसला. त्याच्या बॉक्सिंगच्या सरांनी आधीच सांगितलं होतं, वाढीचं वय आहे, 40 मध्ये खेळू दे. वडिलांचं गणित वेगळं होतं. 40 मधली पोरं दणकट असतात म्हणे.

या वडिलांना खलनायक ठरवणं सोपं आहे. मी तसं करणार नाही, कारण त्यांच्या गणिताचा ताळा मला दिसतो. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी राखीव जागा आहेत. पुण्यातच लष्कराच्या क्रीडा संस्थेत लहान मुलांना घेतात. तिथे निवड झाली की राहणं, जेवण, शाळा, सराव, सगळ्याची सोय. 2008 साली बीजिंगला भिवानीच्या विजेंदरने पदक आणलं, 2012 ला लंडनमध्ये मेरी कोमने. पगारातून भाड्याचं घर आणि दोन मुलांच्या फिया भागवणाऱ्या माणसाला त्या पदकांमध्ये नोकरी दिसते. फक्त तिथवरची वाट पोराच्या डोक्यावरून जाते, आणि हे गणितात कुठेच धरलेलं नसतं.

डोक्याबद्दल एक मोठा गैरसमज हेडगार्डचा आहे. आया मुलाला ते घातलेलं बघून निर्धास्त होतात. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, पण कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो तो हिंदकळतोच. त्यात मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि मान बारीक. अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2011 साली एकत्र निवेदन काढून मुलांच्या बॉक्सिंगला सरळ विरोध केला. मी इतका ठाम होऊ शकत नाही. दोरीउड्या, शॅडो, बॅग, पायांची हालचाल यांनी सुधारलेली टारगट पोरं मी पाहिली आहेत. माझ्या सरांनी वर्षभर मला कुणावर हातच उगारू दिला नव्हता. आताच्या सरांना दुसऱ्या महिन्यात पालकांकडून स्पारिंगची, म्हणजे सरावाच्या लढतीची, विचारणा होते, "स्पारिंग कधी?" व्हिडिओ टाकायचा असतो ना.

सरांच्या हातात टॉवेल असतो. मुलाला झेपेनासं झालं की तो रिंगमध्ये फेकायचा, लढत थांबते. पण टॉवेल टाकला की पालक चिडतात आणि पुढच्या महिन्यात मुलाला दुसऱ्या क्लबात नेतात. फी जाते, तयार केलेला मुलगाही जातो. खांद्यावरचा टॉवेल मुठीत घट्ट धरून बसलेले सर मी कितीदा तरी पाहिलेत.

त्या रेनकोटवाल्या मुलाची लढत अकराला लागली. निळा कोपरा. पहिल्या फेरीत त्याचा जॅब सुरेख चालला. पाय मात्र दुसऱ्या फेरीतच जड झाले. सर "गार्ड, गार्ड" म्हणत होते आणि माझ्या मागून "घुस, घुस" येत होतं. सेकंद, म्हणजे कोपऱ्यात बसणारा खेळाडूचा मदतनीस, जागेवरून उठला तर रेफ्री त्याला ताकीद देतो. कठड्यामागच्या बापाला कोण देणार? मुलाने आवाजाच्या दिशेने पाहिलं. अर्धा क्षणच असेल, पण समोरच्याला तेवढा पुरला. उजवा हात हेडगार्डच्या कडेला बसला. रेफ्रीने आठ आकडे मोजले, खेळ सुरू केला, पुन्हा आठ मोजले, त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं आणि दोन्ही हात हलवून लढत थांबवली. माझ्या घड्याळात फेरीचे बावीस सेकंद शिल्लक होते. सरांनी टॉवेलने त्याचं तोंड पुसलं.

डोक्यावरच्या ठोशांमुळे लढत थांबली की किमान तीस दिवस ना लढत, ना स्पारिंग. डॉक्टर तसं खेळाडूच्या पुस्तिकेत लिहितात. त्यांचं टेबल माझ्या शेजारीच होतं. मुलगा खुर्चीत बसून वडापाव खात होता, घास फार हळू चावत होता. डॉक्टरांनी बोट दाखवलं, त्याची नजर बोटामागे फिरली. उलटी होतेय का, विचारलं. नाही म्हणाला. रात्री डोकं दुखलं किंवा झोपेतून नीट जागा झाला नाही तर थेट हॉस्पिटलला न्या, असं त्यांनी वडिलांना दोनदा सांगितलं. वडील मान हलवत होते. मग त्यांनी मोबाइलवर कॅलेंडर उघडलं.

"डॉक्टर, तीस दिवसांत आजचा दिवस धरायचा का? पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे."

"उद्यापासून मोजा," डॉक्टर म्हणाले, आणि शिक्का मारला.