कुत्र्याचे जठर व आतडी

बारामती व इंदापूर ह्या तालुक्यांत कुत्र्याचा सहवास ज्यास नाही असा मनुष्य सापडणे कठीण. गावात कुत्रा उंबऱ्याशी बसतो, मळ्यात राखण करितो, आणि धनगर शेतात मेंढरे बसवितात तेव्हा रात्रभर वाघरीभोवती जागा असतो. परंतु ज्या प्राण्यास आपण रोज तुकडा टाकतो, त्याच्या पोटात त्या तुकड्याचे पुढे काय होते, ह्याचा विचार फारसा कोणी करीत नाही. तो केल्यास दोन गोष्टी कळतात: कुत्र्यास काय द्यावे आणि काय मुळीच देऊ नये. ह्यांपैकी दुसऱ्या गोष्टीशी आपल्या घरातील माणसांचे आरोग्यही निगडित आहे; म्हणून हा विषय आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या वडीलमंडळींपुढे ठेवीत आहोत.

प्रथम मेंढी व तिचा राखणदार ह्यांची तुलना करू. मेंढीच्या जठरास चार कप्पे असतात. ती पाला घाईने गिळते व मग स्वस्थ बसून रवंथ करिते. तिची आतडी शरीराच्या लांबीच्या सुमारे २५ पट लांब असतात, कारण गवतातून सत्त्व काढणे हे सावकाशीचे काम आहे. कुत्र्याचे जठर एकाच कप्प्याचे असून त्याची आतडी शरीराच्या लांबीच्या सुमारे ५ पटच भरतात. मांस लवकर पचते; त्यास लांब वाट लागत नाही.

कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात. ते मुख्यतः फाडण्याचे व तोडण्याचे आहेत. तो घास चावीत बसत नाही, गिळतो. त्याच्या लाळेने घास बुळबुळीत होतो, पण माणसाच्या लाळेप्रमाणे भाकरीतील पिठाचे पचन तोंडातच सुरू होत नाही. पुढे अन्ननलिका लागते. माणसाच्या अन्ननलिकेत हातापायांच्या स्नायूंच्या जातीचे स्नायू फक्त वरच्या भागात असतात; कुत्र्याच्या अन्ननलिकेत ते सबंध लांबीभर असतात. कुत्रा सहज ओकू शकतो, हे सर्वांनी पाहिलेच असेल. व्यालेली कुत्री पिलांसाठी खाल्लेले अन्न ओकून टाकते, तेही ह्याच सोयीमुळे.

जठर हे पोटाच्या डाव्या बाजूस, यकृताच्या मागे असते. रिकामे असता ते बरगड्यांच्या आत दडलेले असते. भरले म्हणजे फुगून बेंबीपर्यंत येते. मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या जठरात दोन-अडीच लिटर अन्न मावते. एके दिवशी पोटभर व दुसऱ्या दिवशी उपास, अशी शिकारी पूर्वजांची राहणी असल्यामुळे ही कोठी एवढी मोठी आहे. तिच्या भिंतीतून तीव्र आम्ल व मांस विरघळविणारा रस पाझरतो. जठराच्या शेवटी एक झडप असते. तिच्यातून अन्नाची पातळ पेज थोडी थोडी पुढे सोडली जाते.

तेथून लहान आतडे सुरू होते. त्याच्या आरंभीच्या भागास आद्यांत्र म्हणतात. त्यात यकृताकडून पित्त व स्वादुपिंडाकडून पाचक रस येतो. खरे पचन येथेच घडते. आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या लवेसारखे असंख्य बारीक अंकुर असतात, व पचलेले सत्त्व त्यांच्या वाटे रक्तात जाते. लहान व मोठे आतडे जेथे मिळतात तेथे अंधांत्र नावाची लहानशी, मळसूत्रासारखी पीळदार पिशवी असते. मोठे आतडे आखूड असते. ते उजवीकडून वर चढते, आडवे जाते आणि डावीकडून खाली उतरते. त्याचा आकार फांदी ओढण्याच्या आकडीसारखा दिसतो. त्यात मुख्यतः पाणी शोषले जाते व उरलेला मळ बाहेर पडतो.

आता कोणी विचारील, आतडी मांसाहाऱ्याची, तर आमच्याकडचा कुत्रा बाजरीच्या भाकरीवर कसा जगतो? ह्याचे उत्तर २०१३ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दिले. त्यांनी लांडगे व कुत्रे ह्यांची जनुके ताडून पाहिली. पिष्टमय पदार्थ पचविणारा रस ज्या जनुकामुळे स्वादुपिंडात तयार होतो, त्याच्या लांडग्यात २ प्रती आढळल्या, तर कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. माणसाच्या शेतीच्या अन्नावर पिढ्यान्‌पिढ्या राहून कुत्र्याचे पोट असे पालटले. धनगराच्या कुत्र्यास भाकरी पचते ती ह्यामुळे. मात्र नुसत्या भाकरीवर त्याचे पुरते पोषण होत नाही; अंडे किंवा शिजविलेले मांस ह्यांची जोड असावी.

कुत्र्यास तूप पचत नाही, असे लोक म्हणतात. वस्तुतः बेताची चरबी त्यास चांगली पचते. पण एकदम पुष्कळ तूपकट खाल्ले तर स्वादुपिंडास सूज येऊन तो दगावण्याची भीती असते. वाढलेल्या कुत्र्यास दुधाने पुष्कळदा ढाळ लागते. शिजविलेल्या हाडांच्या अणकुचीदार कपच्या आतड्यास भोके पाडतात. कांदा-लसणाने त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. आपल्या भागात द्राक्षबागा पुष्कळ आहेत म्हणून हेही सांगितले पाहिजे, की द्राक्षे व बेदाणे ह्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. खोल छातीच्या कारवानी कुत्र्यांसारख्या जातींत जठर वायूने फुगून स्वतःभोवतीच पीळ खाण्याचा धोका अधिक असतो. पोट नगाऱ्यासारखे ताठ झाले व ओकारी येऊनही काही पडेना, तर क्षणाचाही विलंब न लावता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

माणसाच्या पोटाविषयीचे पुष्कळसे ज्ञानही आपणांस कुत्र्यामुळेच लाभले आहे. रशियातील पावलोव्ह ह्यांनी कुत्र्याच्या जठराचा एक लहान भाग निराळी पिशवी करून त्यातील रस तपासला. पचनावरील ह्या कार्याबद्दल त्यांस १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १८८९ साली जर्मन वैद्यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढताच त्यास मधुमेह जडला, आणि त्याच धाग्यावरून १९२१ साली कॅनडात इन्सुलिनचा शोध लागला.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कुत्र्याच्या लहान आतड्यात तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा एक फीतकृमी राहू शकतो. त्यापासून कुत्र्यास बहुधा काहीच त्रास होत नाही. परंतु त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडून गवतावर, पाण्यात, भाजीवर, व कुत्र्याच्या केसांवरही राहतात. ती मेंढीच्या पोटात गेली, की तिच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. माणसाच्या पोटात गेल्यासही तेच होते. ही गाठ वर्षानुवर्षे कळतही नाही, व शेवटी शस्त्रक्रियेची वेळ येते. जत्रेत बकरे कापल्यावर वजडी, फोपसे किंवा गाठी असलेली कलेजी कुत्र्यापुढे कच्चीच टाकली, की कृमी पुन्हा त्याच्या आतड्यात शिरतो व फेरा पुरा होतो. म्हणजे हा फेरा चालू ठेवण्यास आपलाच हात कारणीभूत होतो.

हा फेरा तोडता येतो, ह्याचा दाखला इतिहासात आहे. आइसलंड हा मेंढपाळांचा देश एकोणिसाव्या शतकात ह्या रोगाने गांजला होता. १८६४ साली तेथे क्राबे नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाची एक लहानशी पुस्तिका लोकांत वाटण्यात आली. तीत ह्या कृमीचा फेरा साध्या शब्दांत सांगितला होता. पुढे कायदेही झाले. कच्ची आतडी कुत्र्यांस घालणे बंद झाले, त्यांस जंतांचे औषध देण्यात येऊ लागले, आणि कालांतराने त्या देशातून हा रोग नाहीसा झाला.

जे आइसलंडातील मेंढपाळांनी केले ते आपल्या वाड्यावस्त्यांतही होण्याजोगे आहे. कापलेल्या जनावराची आतडी, फोपसे व गाठी खोल पुरावीत. कुत्र्यास द्यावयाचे ते निदान पाऊण तास उकळून द्यावे. जनावरांच्या दवाखान्यातून त्यास नियमितपणे जंतांचे औषध आणावे. कुत्र्यास कुरवाळल्यावर हात साबणाने धुतल्यावाचून जेवणास बसू नये, व कच्ची भाजी धुऊन खावी. आमच्या विद्यार्थ्यांनी एवढे घरी वडील माणसांस समजावून सांगितले, तर वाघरीभोवती जागणाऱ्या त्या इमानी प्राण्याचे व त्याच्या धन्याचे, दोघांचेही कल्याण होईल.