तळ्याची नाडी

जळगावात मेहरूण तलाव आहे. मेहरूणची बोरे ज्यांनी खाल्ली, त्यांना हे नाव नवे नाही. लोक तिथे फिरायला जातात, गणपतीचे विसर्जनही करतात. धुळ्याचे नकाणे आणि डेडरगाव हे तलाव तर शहराला पाणी पाजतात.

हे पाणी चांगले की वाईट, ते कसे ओळखायचे? कोणी म्हणेल, "त्यात काय! ओंजळीत घ्यावं, बघावं, वास घ्यावा." आम्हालाही आधी असेच वाटे. पण रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. नितळ पाण्यानेही हगवण लागते, कावीळ होते. म्हणून पाणी तपासावे लागते.

पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. मासे त्यावरच जगतात. आंघोळीच्या पाण्यात दर हजार लिटरमागे निदान ५ ग्रॅम प्राणवायू असावा, असे आपल्या देशात माप ठरले आहे. गटाराचे पाणी तळ्यात आले, की ती घाण खाऊन बारीक जंतू वाढतात आणि प्राणवायू संपवतात.

तपासणारा माणूस वरचा तवंग घेत नाही. बाटली तवंगाच्या खाली बुडवून काठोकाठ भरतो. आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माप चुकले! मग तिथेच बसून तो बाटलीत दोन औषधे घालतो. तपकिरी साका धरला, तर प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला, तर पाण्याचा जीव गेला म्हणायचा. किती आहे, ते पुढे प्रयोगशाळेत मोजतात. ही युक्ती विंकलर नावाच्या शास्त्रज्ञाने १८८८ साली काढली. ती अजून चालते.

यात एक गंमत आहे बरं का. शेवाळाने हिरव्यागार झालेल्या तळ्यात दुपारी प्राणवायू भरपूर सापडतो. कारण उन्हात शेवाळ तो सोडते. रात्री मात्र तेच शेवाळ तो ओढून घेते. मग पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात. दुपारची एकच बाटली तपासली, तर तळे ठणठणीत! म्हणून वहीत तारखेबरोबर वेळ आणि जागाही लिहितात. नाला मिळतो तिथले पाणी वेगळे, मधले वेगळे. दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी पाणी घेतले, की पावसाने काय बदलले, विसर्जनाने काय बदलले, हे कळते. नाहीतर नुसते भांडण. हा नाल्याला दोष देतो, तो मूर्तींना.

महाराष्ट्रात पाण्यावर अशी नजर ठेवायला १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले.

पिण्याच्या पाण्याचे माप याहून कडक आहे. १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला पाण्यात, मैल्यातला एकही जंतू चालत नाही. ही तपासणी आता गावातही होते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना ती शिकवायचे ठरले. औषध घातलेली एक छोटी बाटली असते. तिच्यात विहिरीचे पाणी भरायचे, झाकण लावायचे आणि उबेला ठेवायचे. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले, तर त्यात मैला मिसळल्याचा दाट संशय. ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये, आणि ग्रामपंचायतीला लगेच कळवावे.

बाटलीवर विहिरीचे नाव आणि तारीख तेवढी आधीच लिहा. चार बाटल्या शेजारी ठेवल्या, की कोणती कुठली हे ठेवणाऱ्यालाही आठवत नाही.