विश्रामबाग टू अंटार्क्टिका!

विलिंग्डनमधून बॉटनीत बीएस्सी झाले आणि घरी जाहीर केलं, 'मला समुद्रातल्या शैवालावर काम करायचंय.' आई म्हणाली, 'अगं, सांगलीत समुद्र कुठाय?' बाबा म्हणाले, 'आधी बँकेची परीक्षा दे.' दिली. पासही झाले. आता विश्रामबागेतच एसीत बसून होम लोनच्या फायली बघते.

परवा अदिती पंत यांच्याविषयी वाचलं आणि सॉलिड हलले. जन्म १९४३चा, नागपूरचा. तिथे तरी कुठाय समुद्र? पुणे विद्यापीठातून बीएस्सी झाल्या, अ‍ॅलिस्टर हार्डींचं 'द ओपन सी' हाती पडलं आणि दिशा ठरली. हवाईत एमएस, लंडनला सागरी शैवालावर पीएचडी, मग गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. १९८३च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या या पहिल्या महिला.

शैवालात एवढं काय, असं वाटतंय ना? तिथल्या सूक्ष्म शैवालावर क्रिल जगतं. हा कोळंबीसारखा चिमुकला जीव. क्रिलवर पेंग्विन आणि देवमासे जगतात. तळाची ही पायरीच मोजली नाही, तर क्रिल किती पकडू द्यायचं ते ठरणार कसं? हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगात १९८६पासून भारतही आहे. आणि आपलं ध्रुवीय संशोधन केंद्र? गोव्यात, वास्कोला!

मी सत्तावीस वर्षांची आहे. पगार चांगला आहे, स्कूटीचे हप्तेही आहेत. नोकरी सोडायची का, हे रविवारी बाबांशी बोलून ठरेल. एमएस्सीचा फॉर्म मात्र भरून ठेवलाय.