नाण्याची पारख : जन्म, झीज आणि जखम

व्हिक्टोरिया राणीचा मुकुटधारी चेहरा असलेला १८६२ सालचा चांदीचा रुपया आजही सराफाकडे किंवा जुन्या नाण्यांच्या विक्रेत्याकडे सहज मिळतो. याचे कारण मजेशीर आहे. १८७४ पर्यंत टांकसाळींनी रुपयावरचे साल बदललेच नाही. दशकभराहून अधिक काळ रुपये पडत राहिले आणि प्रत्येकावर १८६२ हेच साल उमटत राहिले. वजन प्रत्येकाचे एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी सुमारे ९१.७ टक्के. तरीही एकाच ट्रेमधल्या अशा दोन रुपयांपैकी एक जेमतेम चांदीच्या भावाने जातो आणि दुसऱ्यासाठी जाणकार संग्राहक त्याच्या कितीतरी पट रक्कम मोजतो. साल तेच, धातू तोच, राणीही तीच. फरक असतो तो नाण्याच्या अवस्थेचा.

नवा संग्राहक बहुधा जुनेपणावर भाळतो. पण केवळ जुनेपणामुळे नाणे मौल्यवान होत नाही. शेकडो वर्षांपूर्वीची तांब्याची नाणीही ढिगाने मिळतात. अवस्था वाचायला शिकणे म्हणजे नाण्याच्या पृष्ठभागावरच्या तीन प्रकारच्या खुणा वेगळ्या करायला शिकणे. पहिल्या जन्माच्या, म्हणजे टांकसाळीतच उमटलेल्या. दुसऱ्या झिजेच्या, म्हणजे हातोहाती फिरताना पडलेल्या. तिसऱ्या जखमांच्या, म्हणजे नंतर कोणीतरी केलेल्या. नवशिक्याची फसगत होते ती या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे.

जन्माच्या खुणा

महाराष्ट्रातल्या संग्राहकाची सुरुवात अनेकदा शिवराईपासून होते. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने निघालेल्या या तांब्याच्या नाण्याच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात. पुढे पेशवाईतही ती पडत राहिली. ही नाणी हाताने ठोकलेली. खालचा ठसा पक्का बसवलेला, त्यावर तांब्याची चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोड्याचा घाव. ठसा बरेचदा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे ‘श्री’ पूर्ण उमटला तर ‘शिव’ काठाबाहेर जाई, किंवा उलट. अक्षर अर्धेच दिसते म्हणून नाणे झिजले असे समजणारा खरेदीदार इथेच चुकतो. ते अक्षर झिजलेले नसते. ते नाण्यावर कधी आलेलेच नसते. मुघल रुपयांचेही तसेच. टांकसाळीचे नाव आणि साल ठशावर असूनही चकतीवर मावत नसे, म्हणून ही माहिती पूर्ण उमटलेले नाणे अधिक मोलाचे ठरते.

यंत्रावर पाडलेल्या नाण्यांतही जन्मतःच उणेपण असू शकते. ठसा दाबला जाताना दोन्ही बाजूंच्या उठावात धातू शिरावा लागतो. एका बाजूच्या सर्वांत उंच भागासमोर दुसऱ्या बाजूलाही खोल नक्षी असेल, तर धातू तिथे पुरत नाही आणि चेहऱ्याचा मधला भाग सपाट राहतो. मग झीज कोणती आणि कच्चा ठसा कोणता, हे कसे ओळखायचे? झिजलेला भाग गुळगुळीत आणि शेजारच्या धातूपेक्षा वेगळ्या, करड्या रंगाचा दिसतो. कच्च्या ठशाचा भाग सपाट असला तरी त्याचा पोत आणि चमक आजूबाजूच्या भागाशी जुळते.

झीज कुठे शोधायची

झीज नेहमी उंचवट्यापासून सुरू होते. म्हणून प्रत्येक प्रकारच्या नाण्याचे उंच भाग पाठ असावे लागतात. व्हिक्टोरियाच्या रुपयावर कानावरचे केस, गाल आणि मुकुटाची नक्षी. सातव्या एडवर्डच्या रुपयावर कान आणि दाढी. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर भुवई, मिशा आणि मुकुटाचा मध्यभाग. भिंगाखाली पाहताना आधी हेच भाग तपासायचे.

पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची गोष्ट इथे उपयोगी पडते. राजाच्या अंगावरच्या मानाच्या साखळीत एक लहानसा हत्ती कोरला होता. त्याची सोंड इतकी आखूड दिसत होती की लोकांना तो डुक्कर वाटला आणि ओरड झाली. बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून आला. आज १९११ चा रुपया संग्राहकांना हवा असतो तो या आकृतीसाठी. पण ती इतकी बारीक की फार झिजलेल्या नाण्यावर धड ओळखूही येत नाही. ज्या तपशिलासाठी नाणे घ्यायचे तोच तपशील त्यावर शिल्लक आहे का, हे आधी पाहावे.

सर्वांत आधी जाते ती मूळ चमक. ठसा बसताना धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा सोडतो. त्या रेषांवरून प्रकाश परावर्तित होतो. एकाच दिव्याखाली नाणे कडेने धरून हळूहळू तिरके केले की उजेडाचे पट्टे भिंगरीच्या पात्यांसारखे गोल फिरतात. न वापरलेल्या नाण्याची ही खात्रीची खूण. थोडेसे हाताळले गेले तरी उंचवट्यांवरून जाताना हे पट्टे तुटतात. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात हा फरक दिसत नाही, म्हणून एकच प्रखर दिवा वापरायचा.

दर्जाचे आकडे

विक्रेत्यांच्या तोंडी ‘गुड’, ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रा फाइन’ आणि ‘यूएनसी’ हे दर्जे असतात. नावांवर जाऊ नये. ‘गुड’ जवळपास तळाचा दर्जा असून त्यात फक्त बाह्यरेषा उरलेल्या असतात. ‘फाइन’मध्ये मुख्य तपशील दिसतात, पण केसांच्या बटा एकमेकींत मिसळलेल्या असतात. ‘यूएनसी’ म्हणजे चलनात न गेलेले नाणे.

याच उतरंडीला आकड्यांत बांधले अमेरिकेतल्या विल्यम शेल्डनने. माणसांच्या शरीरयष्टीचे वर्गीकरण करणारा मानसशास्त्रज्ञ म्हणून तो आधीच प्रसिद्ध होता. १९४९ मध्ये जुन्या अमेरिकन सेंटवरच्या पुस्तकात त्याने १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. त्यामागची कल्पना अशी की १ दर्जाचे नाणे एका डॉलरचे असेल तर ७० दर्जाचे सत्तर डॉलरचे. किमतीचे हे गणित लवकरच कोलमडले. मोजपट्टी मात्र जगभर रुजली. नाणी तपासून, दर्जा लिहून बंद डबीत देणाऱ्या संस्था आज तीच वापरतात. तिच्यात ६० आणि त्यापुढचे आकडे न वापरलेल्या नाण्यांचे. तरीही ५८ चे नाणे ६० च्या नाण्यापेक्षा देखणे असू शकते, कारण टांकसाळीच्या पोत्यांत नाणी एकमेकांवर आपटतात आणि चलनात न जाताही त्यांना ओरखडे पडतात.

शेल्डनच्या मृत्यूनंतर उघड झाले की त्याने न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून त्या जागी हलक्या दर्जाचे ठेवले होते. पुरावा मिळाला तो संग्रहाच्या जुन्या छायाचित्रांतून. प्रत्येक नाण्यावरच्या बारीक खुणा वेगळ्या असल्यामुळे कोणते नाणे मुळात कुणाचे, हे सांगता आले. म्हणूनच घेतलेल्या नाण्याच्या दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे काढून ठेवण्याची सवय पहिल्या खरेदीपासून लावावी.

जखमा

झीज प्रामाणिक असते; किंमत सर्वांत जास्त पाडतात त्या जखमा. आपल्याकडे सर्वाधिक आढळणारी जखम स्वच्छतेची. चिंच आणि लिंबू धातूचा वरचा थर खातात, राख आणि टूथपेस्ट त्यावर बारीक ओरखडे उठवतात. फिरलेल्या चांदीच्या नाण्यात खळगे काळसर आणि उंचवटे उजळ असतात. संपूर्ण नाणे एकसारखे, निर्जीव पांढरे दिसत असेल, किंवा तिरके धरल्यावर एकाच दिशेने केसासारख्या रेषा चमकत असतील, तर ते घासलेले आहे. घासून गेलेली चमक परत येत नाही.

चांदीवर हवेतल्या गंधकाने चढलेला काळपट थर हा दोष नव्हे. बरेच संग्राहक तो पसंत करतात. तांब्यावर मात्र हिरवा रंग पारखून घ्यावा. गर्द, कठीण आणि गुळगुळीत हिरवा थर स्थिर असतो. फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी धोक्याची. ती क्लोराइड आणि दमट हवेमुळे होते आणि नाणे आतून पोखरत जाते. कोकणपट्टीच्या हवेत असे नाणे घेऊच नये.

दुसरी जखम दागिन्याची. रुपये कडी लावून गळ्यात घालण्याची रीत सर्वत्र होती आणि बंजारा स्त्रियांच्या अलंकारांत नाण्यांना मोठे स्थान आहे. कडी काढून टाकलेला रुपया चेहऱ्याकडून निर्दोष दिसतो, म्हणून कड पूर्ण फिरवून पाहावी. राजाच्या डोक्यावरच्या बाजूला दाते घासलेले, डाग दिलेला किंवा तापून रंग बदललेला आढळला, तर तिथे कडी होती. जुन्या सराफांनी चांदी तपासताना मारलेले छोटे ठसेही अनेक रुपयांवर असतात. अभ्यासकाला ते इतिहास सांगतात, पण भाव ठरवताना ते उणेच मोजले जातात.

खरे की बनावट

अवस्था पाहण्याआधी नाणे खरे आहे की नाही, हे पाहावे. चांदीच्या रुपयाचे वजन साधारण ११.६६ ग्रॅम भरले पाहिजे; झिजेने थोडे कमी चालेल, जास्त भरले तर संशय घ्यावा. सराफी काट्यावर नाणे दोऱ्याने पाण्यात बुडवून तोलले, तर त्याचे वजन सुमारे १.१३ ग्रॅमने कमी दिसते, कारण या मिश्रधातूची घनता १०.३ च्या आसपास असते. चुंबकाला चांदी चिकटत नाही. अपवाद लक्षात ठेवावा : १९४७ चा रुपया निकेलचा असल्याने तो चिकटतोच, आणि १९४० पासूनच्या चांदीच्या रुपयांत चांदी निम्मीच आहे. साच्यात ओतलेल्या नकलांची अक्षरे बोथट दिसतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे असतात आणि कडेला जोडाची रेषा सापडते. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मीळ असल्याने त्याच्या नकला होतात. तो तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय घेऊ नये.

डोळा कसा तयार होतो

सुरुवातीला एकच प्रकार निवडावा, उदाहरणार्थ पाचव्या जॉर्जचे १९१२ ते १९२२ चे रुपये. एकाच प्रकारची अनेक नाणी शेजारी ठेवून पाहिली की दर्जांतला फरक आपोआप कळू लागतो. मुंबईच्या फोर्ट भागातले रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था इथे चांगली नाणी पाहायला मिळतात. शंभर वर्षांहून जुनी नाणी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, हेही परदेशी राहणाऱ्या संग्राहकांनी ध्यानात ठेवावे.

दुकानात क्रम ठरलेला असावा. आधी वजन, मग कड, मग दिव्याखाली चमक, मग भिंगाखाली उंचवटे आणि शेवटी भाव. दूरवरून मागवताना विक्रेत्याकडे तिरक्या उजेडातले आणि कडेचे छायाचित्र मागावे. नकार मिळाला तर खरेदी सोडून द्यावी. विक्रेत्याने दर्जा सांगण्यापूर्वी आपला अंदाज वहीत लिहावा आणि नंतर दुसऱ्या जाणकाराच्या मताशी ताडून पाहावा. हे अंदाज सातत्याने एका पायरीच्या आत जुळू लागले, की मोठ्या रकमेची खरेदी करायला हरकत नाही. तोवर साधी, स्वस्त आणि प्रामाणिकपणे झिजलेली नाणीच घ्यावीत. त्यांच्यावर शिकताना झालेली चूक महागात पडत नाही.